स्कूल बॉण्डला मत द्यायचं की नाही?

प्रश्न कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणाऱ्या एका ताईंचा आहे. २०२१ मध्ये त्यांनी घर घेतलं. येत्या निवडणुकीच्या मतपत्रिकेवर त्यांच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचं) एक बॉण्ड मेझर, म्हणजे मतदानाला ठेवलेला प्रस्ताव आहे: असेस्ड व्हॅल्यूच्या (करासाठी धरलेल्या घराच्या किमतीच्या) दर लाख डॉलरमागे वर्षाला ४९ डॉलर, अंदाजे तीस वर्षं. त्यातून मुख्यतः छपरं, वातानुकूलन आणि जुने पोर्टेबल वर्ग बदलायचे आहेत. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर आधीच दोन बॉण्ड दिसतात. शिक्षकांचे पगार अपुरे आहेत हे सगळे बोलतात, पण हा पैसा पगाराला वापरता येणार नाही असं मेझरमध्येच लिहिलंय. मुलगी अडीच वर्षांची. मिस्टर नागरिक झालेत, या स्वतः ग्रीन कार्डवर, म्हणजे घरात मत एकच. ते 'हो'ला द्यावं की 'नाही'ला?

मी बरीच वर्षं कॅलिफोर्नियातल्या स्कूल डिस्ट्रिक्टांच्या बांधकाम-निधीचं काम करतो. रोखे कधी विकायचे, परतफेड कशी बसवायची, ऑडिटला कागद काय लागतात, असं ते काम. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी पगाराचं, कारण बहुतेकांचं मन तिथेच अडतं. बॉण्ड म्हणजे कर्ज. डिस्ट्रिक्ट आज रोखे विकून पैसा उभा करतं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं ते कर्ज आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून व्याजासकट फिटत राहतं. घराच्या कर्जातून कोणी महिन्याचा किराणा भरत नाही. भरलाच तर किराणा संपतो आणि हप्ता उरतो. पगार हा दर महिन्याचा खर्च आहे, तो कर्जातून द्यायला कायद्याची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. शिक्षकांसाठी गावातून पैसा उभा करायचा असेल तर पार्सल टॅक्स हा वेगळा रस्ता आहे. त्यात बहुतेक ठिकाणी घर केवढ्याचं हे न बघता दर मिळकतीमागे ठरावीक रक्कम घेतात, आणि डिस्ट्रिक्टने तो मांडला तर दोन-तृतीयांश मतं लागतात. बॉण्डला 'नाही' म्हणून शिक्षकांच्या हातात एक डॉलरही जास्त पडत नाही. उलट छप्पर गळायला लागलं आणि बॉण्डचा पैसा नसला, तर दुरुस्ती रोजच्या बजेटमधून करावी लागते. पगारही त्याच बजेटमधून होतात.

म्हणून मी प्रत्येक मेझरला एकच कसोटी लावतो: ज्या वस्तूसाठी कर्ज काढतोय ती वस्तू कर्ज फिटेपर्यंत टिकणार आहे का? पुढचं सगळं या कसोटीला धरून सांगतो.

बॉण्डसाठी मतदान कशाला, हेही बऱ्याच जणांना कोडं वाटतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मिळकतकराच्या बिलावर शिक्षण उपकर असतो, तो १९६२ च्या कायद्याने आला. त्यावर कोणी आपलं मत विचारलेलं नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, त्यालाही मतदान नव्हतं. कॅलिफोर्नियात मात्र १८७९ च्या राज्यघटनेपासून नियम असा की स्थानिक संस्थेला वर्षाच्या उत्पन्नाबाहेरचं कर्ज काढायचं असेल तर दोन-तृतीयांश मतदारांची संमती हवी. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने (प्रॉपोझिशन म्हणजे राज्यभर मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) मिळकतकर असेस्ड व्हॅल्यूच्या एक टक्क्यावर बांधला, व्हॅल्यूची वाढ वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांवर अडवली, आणि नव्या बॉण्डसाठी वेगळा कर लावायची सोयही बंद केली. ती सोय १९८६ मध्ये मतदारांनी परत आणली, पण दोन-तृतीयांशांची अट तशीच राहिली. शंभरातल्या पासष्ट लोकांनी 'हो' म्हटलं तरी मेझर पडायचं. मार्च २००० मध्ये साध्या बहुमताचा प्रस्ताव आला, तो हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रॉपोझिशन ३९ आलं आणि मंजूर झालं. त्याने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी ही रेषा ५५ टक्क्यांवर आणली, पण बदल्यात अटी घातल्या: कामांची यादी आधी जाहीर करायची, पगाराला पैसा नाही, दरवर्षी हिशोबाचं आणि कामाचं अशी दोन ऑडिटं, आणि नागरिकांची देखरेख समिती. तुमच्या पुढ्यात आलेलं मेझर या ५५ टक्केवाल्या प्रकारातलं आहे, हे पगाराबद्दलच्या वाक्यावरूनच कळतं.

आता तुमच्या बिलाकडे येऊ. कर घराच्या बाजारभावावर बसत नाही, असेस्ड व्हॅल्यूवर बसतो, म्हणजे घर घेतलं तेव्हाच्या किमतीत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढ धरून. तुमची असेस्ड व्हॅल्यू समजा १५ लाख डॉलर आहे. १५ गुणिले ४९, म्हणजे वर्षाला ७३५ डॉलर. शेजारच्या काकांनी तसंच घर नव्वदच्या दशकात घेतलंय. त्यांची व्हॅल्यू ५ लाख २० हजार असेल तर त्यांना पडतात साधारण २५५. घर तेच, शाळा तीच, रस्ता तोच. बे एरियात उशिरा आलेल्या आपल्या मंडळींना हे टोचतं आणि ते टोचणं रास्त आहे. पण तो प्रॉपोझिशन १३ चा परिणाम आहे, या बॉण्डचा दोष नाही, आणि या मेझरला 'नाही' म्हणून तो सुधारणार नाही.

लाखामागे ४९ या आकड्याबद्दल एक गोष्ट प्रचारपत्रकात कोणी ठळक छापत नाही. तो आकडा अंदाज आहे, हमी नाही. कायद्याची मर्यादा युनिफाइड डिस्ट्रिक्टला (एलिमेंटरीपासून हायस्कूलपर्यंत सगळ्या शाळा ज्याच्याकडे आहेत त्याला) एका मेझरमागे लाखाला ६० डॉलर आहे, नुसत्या एलिमेंटरी किंवा हायस्कूल डिस्ट्रिक्टला ३०, कम्युनिटी कॉलेजला २५. पण ही मर्यादा रोखे विकताना केलेल्या हिशोबाला लागू असते. एकदा रोखे विकले की धारकांचे पैसे फेडायला जेवढा कर लागेल तेवढा काउंटीला (जिल्हा प्रशासनाला) लावावाच लागतो. गावातल्या घरांच्या व्हॅल्यू पडल्या तर दर वर जातो.

२००८ च्या मंदीनंतर नेमकं हेच आडवं आलं. व्हॅल्यू घसरल्या, त्यामुळे बऱ्याच डिस्ट्रिक्टांना मंजूर असलेले रोखेसुद्धा ६० डॉलरच्या आत बसवून विकता येईनात. शाळा अर्धवट बांधून झालेल्या. तेव्हा कॅपिटल ऍप्रीसिएशन बॉण्ड नावाच्या रोख्यांचा आधार घेतला गेला. यात बरीच वर्षं हप्ताच नसतो, व्याज मुद्दलात चढत जातं आणि सगळं शेवटी एकदम द्यावं लागतं. सॅन डिएगो काउंटीतल्या पॉवे युनिफाइडने २०११ मध्ये असे सुमारे १० कोटी ५० लाख डॉलर उचलले. परतफेड जवळपास ९८ कोटींची. म्हणजे नऊपटीहून जास्त, आणि त्यातली पहिली परतफेड साधारण वीस वर्षांनी सुरू होणारी. तेव्हा शाळेत असलेल्या मुलांनी मोठं होऊन गावात घर घेतलं, तर त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या शाळेला नवी वीट मिळायच्या आधी हे बिल त्यांच्या दारात येणार. हे मला आजही मनापासून चुकीचं वाटतं. २०१३ मध्ये कायदा होऊन अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर अडवली गेली. चौपटसुद्धा भरपूर आहे. साध्या रोख्यांवर, समजा चार टक्के व्याज आणि तीस वर्षं मुदत धरली, तर उचललेल्या एका डॉलरमागे एकूण सुमारे १ डॉलर ७३ सेंट फेडावे लागतात. तुमच्या मतदार-पुस्तिकेत टॅक्स रेट स्टेटमेंट नावाचं पान असतं; त्यात मुद्दल आणि व्याज मिळून एकूण परतफेडीचा अंदाज दिलेला असतो. त्याला मुद्दलाने भागा. उत्तर दोनच्या आत आलं तर परतफेड सरळ आहे. त्याच्या बरंच वर गेलं तर स्कूल बोर्डाच्या (डिस्ट्रिक्टच्या कारभारी मंडळाच्या) सभेत जाऊन कारण विचारा.

बिलावरच्या दोन जुन्या बॉण्डांचंही असंच. मतदार एकरकमी मंजुरी देतात, पण रोखे टप्प्याटप्प्याने विकले जातात, कारण करमुक्त रोख्यांचा पैसा साधारण तीन वर्षांत बहुतांश खर्च होईल अशी वाजवी अपेक्षा असावी लागते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचं मेझर आजही नवे रोखे विकत असू शकतं. प्रचारात 'कराचा दर वाढणार नाही' असं वाक्य आलं तर त्याचा अर्थ नीट घ्या. जुनं कर्ज फिटत आलंय, तुमचा दर उतरणार होता, आणि नव्या कर्जाने तो आहे तिथेच राहणार आहे. हे खोटं नाही, पण फुकटही नाही. टेक्सासात २०१९ पासून शाळांच्या बॉण्डच्या मतपत्रिकेवर 'ही मिळकतकरातली वाढ आहे' असं छापणं सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने वेगळी वाट धरली: दर वर्षी किती पैसा गोळा होणार, दर काय आणि किती वर्षं, हे मतपत्रिकेवरच्या मजकुरात आलंच पाहिजे. मला ही वाट जास्त पटते, कारण आकडा दिला की माणूस स्वतः हिशोब करतो.

यादी. माझ्या मते तुमचा सगळा वेळ इथे जायला हवा. मतपत्रिकेवरचा मजकूर ७५ शब्दांचा असतो. पूर्ण यादी पुस्तिकेत मागे असते आणि पुष्कळदा ती मुद्दाम ऐसपैस लिहिलेली असते, 'सर्व शाळांत आवश्यक ती दुरुस्ती, नूतनीकरण व संबंधित कामे' अशा धाटणीची. वकील असं लिहायला सांगतात, कारण यादीत नसलेल्या कामावर एक डॉलरही खर्च करता येत नाही. म्हणून यादीच्या जोडीला डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरचा फॅसिलिटीज मास्टर प्लॅन उघडा. त्यात शाळावार लिहिलेलं असतं: कुठलं छप्पर कधीचं, कुठे फायर अलार्म बदलायचा, कुठल्या वर्गात अजून जुनं वायरिंग आहे.

जमलं तर शाळेतही जाऊन या. पोर्टेबल वर्ग बघा. वीस-बावीस वर्षांपूर्वी 'तात्पुरते' म्हणून आणून ठेवलेले हे लाकडी डबे अजून वापरात असतात. दारापाशी पाऊल टाकलं की जमीन किंचित दबते, कारण रॅम्पच्या फटीतून पावसाचं पाणी आत जाऊन प्लायवूड कुजलेलं असतं. एसी भिंतीला बाहेरून टांगलेला, आणि तो सुरू झाला की मागच्या बाकावर ऐकू येत नाही. मग बाई डिक्टेशन देताना एसी बंद करतात आणि सप्टेंबरच्या उन्हात पहिलीची मुलं घामाने भिजतात. असा वर्ग पाडून पक्का बांधला तर तो पन्नास वर्षं चालेल. तीस वर्षांचं कर्ज काढायला हे रास्त कारण आहे. छप्पर, पाइप, वायरिंग, भूकंपाला टिकेल असं मजबुतीकरण, स्वच्छतागृहं, हे सगळं माझ्या कसोटीला उतरतं.

टॅबलेट आणि लॅपटॉप उतरत नाहीत. लॉस एंजेलिस युनिफाइडने २०१३ मध्ये बॉण्डच्या पैशातून विद्यार्थ्यांना आयपॅड द्यायला घेतले, तेव्हा मोठा वाद झाला. वादाला इतरही पदर होते, पण मूळ मुद्दा हाच होता की तीन-चार वर्षांत जुन्या होणाऱ्या वस्तूसाठी लोक पंचवीस वर्षं कर का भरतील. कायद्याने अशी उपकरणं घेता येतात. ज्या डिस्ट्रिक्टांना याची जाण आहे ती उपकरणांपुरते तीन ते पाच वर्षांत फिटणारे रोखे वेगळे काढतात. तुमच्या यादीत तंत्रज्ञानाचा भाग असेल तर बोर्डाला ईमेल करून एवढंच विचारा: या भागाचे रोखे किती मुदतीचे असतील?

शाळा बांधायला इतका खर्च का, हा प्रश्नही नेहमी येतो. १० मार्च १९३३ ला संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला. सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या, आणखी एकशेवीस शाळांचं मोठं नुकसान झालं. सहा वाजायला आले होते, वर्ग रिकामे होते; दोन-तीन तास आधी झाला असता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. महिनाभरात फील्ड ऍक्ट हा शाळांच्या बांधकामाचा कायदा मंजूर झाला. तेव्हापासून सरकारी शाळेचा प्रत्येक नकाशा राज्याच्या आर्किटेक्ट विभागाकडून तपासून घ्यावा लागतो आणि बांधकाम चालू असताना जागेवर स्वतंत्र इन्स्पेक्टर असावा लागतो. शिवाय सरकारी कामावर मजुरांना ठरलेलं वेतन द्यावं लागतं. यात वेळ जातो, पैसा जातो. फील्ड ऍक्टच्या तपासणीवरचा खर्च मी कधीच वाया गेलेला मानणार नाही.

या पद्धतीतलं जे मला खरोखर खटकतं ते वेगळंच आहे. ६० डॉलरचा दर सगळीकडे सारखा, पण त्यातून निघणारा पैसा सारखा नाही. एखाद्या गावात एका विद्यार्थ्यामागे मिळकतींची व्हॅल्यू २० लाख डॉलर असेल तर लाखाला ६० ने मुलामागे वर्षाला १,२०० डॉलर निघतात. सेंट्रल व्हॅली या शेतीच्या भागातल्या शेतमजुरांच्या गावात तीच व्हॅल्यू ५ लाख असेल तर ३०० निघतात. लोकांनी तितक्याच जिव्हाळ्याने मत दिलं, तितकाच दर भरला, तरी त्यांच्या मुलांना चौथा हिस्सा. वर राज्याची मदत मिळते ती स्थानिक वाटा भरणाऱ्याला: आजवर नव्या बांधकामाला निम्मी, नूतनीकरणाला ६० टक्के. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याला आणखी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी राज्याचा १० अब्ज डॉलरचा बॉण्ड मंजूर केला, त्यात गरीब डिस्ट्रिक्टांसाठी हा हिस्सा अनुक्रमे ५५ आणि ६५ टक्क्यांपर्यंत वाढवायची सोय आहे. दिशा बरोबर आहे, अंतर मात्र फार मोठं आहे. तुमच्यासाठी याचा व्यवहारी अर्थ असा की स्थानिक बॉण्ड पडला तर राज्याच्या पैशातला तुमचा वाटाही बहुधा दुसरीकडे जाईल.

प्रचाराच्या पैशाबद्दल थोडंसं. डिस्ट्रिक्टला सरकारी पैशाने 'हो म्हणा' असं सांगता येत नाही, फक्त माहिती देता येते. प्रचार वेगळी समिती करते, आणि तिला देणग्या देणाऱ्यांत आर्किटेक्ट, बांधकाम कंपन्या आणि रोखे विकणाऱ्या संस्था हमखास असतात. हे बेकायदेशीर नाही. त्याची नोंद फॉर्म ४६० या देणग्या-खर्चाच्या विवरणपत्रावर असते आणि तो कोणालाही बघता येतो. नावं लिहून ठेवा, पुढे कंत्राटं कोणाला मिळतात ते ताडून बघता येईल.

आता तुमच्या ग्रीन कार्डाचं. मत नाही म्हणून तुमचा सहभाग संपत नाही, उलट मतदानानंतरचं काम तुम्हाला खुलं आहे. निकालाची नोंद बोर्डाने घेतल्यापासून साठ दिवसांत देखरेख समिती नेमावी लागते. तीत किमान सात जण: व्यापारी संघटनेतला एक, ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला एक, करदात्यांच्या संघटनेतला एक, शाळेत मूल असलेला एक पालक, पालक-शिक्षक संघटनेत काम करणारा आणखी एक पालक, आणि उरलेले गावातले रहिवासी. डिस्ट्रिक्टचे कर्मचारी आणि कंत्राटदार चालत नाहीत. २०१९ च्या राज्याच्या कायद्यानंतर नेमणुकीच्या अशा पदांसाठी नागरिकत्वाची अट राहिलेली नाही. मुलगी अजून शाळेत नाही, म्हणून पालकाची जागा तुम्हाला मिळणार नाही. रहिवासी म्हणून अर्ज करा. ज्येष्ठांची आणि करदात्यांची जागा पुष्कळदा रिकामी पडलेली असते. ज्येष्ठांच्या स्थानिक गटात सक्रिय असलेले कोणी काका-काकू ओळखीत असतील तर त्यांनाही सांगा.

समितीला कामं निवडायचा किंवा थांबवायचा अधिकार नाही. खर्च तपासायचा, साइट बघायची, ऑडिट वाचायचं आणि लोकांना सांगायचं, एवढंच. पण जाणकार माणूस बसला तर तेवढ्यानेही फरक पडतो. दर बैठकीत खर्चाचा तक्ता येतो: कामाचं नाव, मंजूर बजेट, खर्च झालेला, कंत्राटात अडकलेला, शिल्लक. बहुतेक जण शेवटचा रकाना बघतात. तुम्ही मागच्या बैठकीचा तक्ता शेजारी ठेवा आणि मंजूर बजेटचा रकाना ताडून बघा. एखाद्या शाळेच्या स्वच्छतागृहांचं बजेट गुपचूप कमी झालेलं आणि स्टेडियमच्या दिव्यांचं वाढलेलं दिसलं, तर ते कोणत्या सभेत आणि कोणाच्या ठरावाने झालं ते विचारा. चेंज ऑर्डर (कंत्राट दिल्यानंतर कामात केलेले बदल) कंत्राटाच्या किती टक्क्यांवर गेल्या ते विचारा. डिस्ट्रिक्टच्या कर्मचाऱ्यांचा पगार बॉण्डमधून निघतोय का, तेही विचारा. राज्याच्या ऍटर्नी जनरलच्या (मुख्य सरकारी वकिलाच्या) २००४ च्या मतानुसार बॉण्डच्या कामांवर प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्यांचा, आणि त्या कामापुरताच पगार यातून देता येतो. म्हणून त्यांच्या तासांची नोंद मागायला संकोच करू नका.

तुम्ही सांगितलंत त्यावरून तुमच्या मेझरमध्ये छपरं, वातानुकूलन आणि पोर्टेबल बदलणं हाच मोठा भाग दिसतो. एकूण परतफेड दुपटीच्या आत असेल आणि उपकरणांचे रोखे कमी मुदतीचे काढू असं बोर्ड लेखी सांगत असेल, तर तुमच्या मिस्टरांनी 'हो' म्हणावं असं माझं मत आहे. यातल्या एकाचंही सरळ उत्तर मिळालं नाही तर 'नाही' म्हणायला हरकत नाही. डिस्ट्रिक्ट सुधारलेली यादी घेऊन पुढच्या निवडणुकीला परत येऊ शकतं. नोव्हेंबरात मंजूर झालं तरी पहिला कर साधारण पुढच्या ऑक्टोबरात येणाऱ्या बिलावर दिसेल. तुमची मुलगी किंडरगार्टनला जाईल तेव्हा पहिली कामं नुकती सुरू झालेली असतील, कारण नकाशांच्या मंजुरीत महिने जातात आणि चालू शाळेतलं जड काम उन्हाळ्याच्या सुट्टीतच करता येतं. दोन्ही ऑडिटं दरवर्षी ३१ मार्चपर्यंत समितीपुढे यावी लागतात आणि डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर टाकावी लागतात. जुन्या दोन बॉण्डांची तिथे आत्ताही असतील. मतपत्रिका भरायच्या आधी ती वाचा.